बसलेली ट्रॅक्टर बॅटरी : तपासणी, चार्जिंग आणि दुरुस्ती

पेरणीच्या तोंडावर आणि पुन्हा ऊसतोडणी सुरू होताना तालुक्याच्या गावातील बॅटरीच्या दुकानांपुढे ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या येऊन पडू लागतात. ट्रॅक्टर दोन-तीन महिने गोठ्याशेजारी उभा असतो. कामाची घाई झाली की चावी फिरवतात आणि सेल्फ नुसता कटकट करतो. शेतकरी म्हणतो, बॅटरी गेली. दुकानदारही पुष्कळदा वरवर पाहून सांगतो, गेली, नवी टाका. वास्तविक अशा बॅटऱ्यांपैकी काही नुसत्या उपाशी असतात, काही आजारी असतात आणि काही खरोखर मेलेल्या असतात. या तिघींतला फरक ओळखता येणे हाच या धंद्यातला खरा हुन्नर आहे. आपले अनेक बांधव ऑटो इलेक्ट्रिकच्या व बॅटरीच्या कामात आहेत, म्हणून हा विषय जरा तपशिलाने घेत आहोत.

आधी आत काय घडते ते पाहू. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. प्रत्येक सेलमध्ये शिशाच्या प्लेटा आणि पाणी मिसळलेले गंधकाम्ल, म्हणजे आपले ॲसिड असते. बॅटरी खर्च होते तेव्हा ॲसिडमधला गंधकाचा अंश दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर सल्फेट होऊन बसतो आणि उरलेले द्रावण पातळ होते. चार्ज केले की तोच अंश परत द्रावणात येतो. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. बसलेल्या बॅटरीतले ॲसिड कुठे उडून गेलेले नसते, ते प्लेटांवरच असते. बॅटरी तशीच बसलेली राहिली तर हे सल्फेट घट्ट होत जाते, त्याचे कडक खडे बनतात आणि मग साध्या चार्जिंगला ते दाद देत नाहीत. उन्हाळ्यात उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी आपोआपही भराभर उतरते. म्हणून वापराने मरतात त्यापेक्षा पडून राहून मरणाऱ्या ट्रॅक्टर बॅटऱ्यांची आम्हाला जास्त काळजी वाटते.

तपासणी

दुकानात बॅटरी आली की लगेच चार्जरला लावू नये. आधी बाहेरून पाहावी. पेटी तडकली आहे का, फुगली आहे का, टर्मिनल हलते का, पाण्याची पातळी प्लेटांच्या वर आहे का. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढेच डिस्टिल वॉटर घालावे. वरपर्यंत भरू नये, कारण चार्जिंगमध्ये पातळी वर येते.

मग मल्टिमीटर. बॅटरी काही तास स्वस्थ राहिलेली असेल तर १२.६ व्होल्ट किंवा अधिक म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. नुकतीच ट्रॅक्टरवरून उतरवलेली बॅटरी वरवरचा खोटा आकडा दाखवते. अशा वेळी दोन-तीन मिनिटे हेडलाइटचा बल्ब लावावा, काढावा आणि थोडे थांबून मग मोजावे.

पण एकट्या मल्टिमीटरवर विसंबणारा कारागीर फसतो. निकाल देतो तो हायड्रोमीटर. आपल्याकडील उष्ण हवेसाठी बनवलेल्या पुष्कळ बॅटऱ्यांत पूर्ण चार्जला घनता १.२४० ते १.२५० असते, काहींत १.२८० पर्यंत जाते. कंपनी जो आकडा देते तो धरावा. हे आकडे २७ अंश तापमानाचे असतात. द्रावण त्याहून १० अंशांनी गरम असेल तर आलेल्या आकड्यात ०.००७ मिळवावे. मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानात हा हिशेब विसरू नये. तसेच नुकतेच पाणी घातले असेल तर ते वरच तरंगते आणि घनता चुकीची येते. ते चार्जिंगमध्ये मिसळल्यावरच मोजावे.

आता दोन बॅटऱ्या घ्या. पहिलीचे सहा सेल १.१७०, १.१८०, १.१७५, १.१७०, १.१८०, १.१७५ असे आले. मीटर १२.१ व्होल्ट दाखवतो. दुसरीचे सेल १.२३०, १.२३५, १.२३०, १.११०, १.२३५, १.२३० आहेत आणि मीटर १२.३ व्होल्ट सांगतो. मीटरवर दुसरी बॅटरी बरी दिसते, प्रत्यक्षात उलटे आहे. पहिली सर्व सेलांत सारखीच उतरली आहे. ती उपाशी आहे, चार्ज केली की बहुधा उभी राहील. दुसरीचा चौथा सेल आजारी आहे. सेलांमध्ये ०.०५० पेक्षा जास्त अंतर पडले आणि पूर्ण चार्जनंतरही ते भरून आले नाही, तर तो सेल गेला असे समजावे. स्वस्थ बॅटरी सगळी मिळून १०.५ च्या जवळपासच थांबत असेल तर एक सेल आतून शॉर्ट झाल्याची दाट शंका घ्यावी. चार्जिंगला त्या सेलमधून बुडबुडे निघत नाहीत.

भाराची परीक्षा चार्ज केल्यानंतरच करावी. उपाशी माणसाला पोते उचलायला सांगून त्याला दुबळा म्हणण्यात अर्थ नाही. लोड टेस्टरने कोल्ड क्रँकिंगच्या आकड्याच्या निम्मा भार १५ सेकंद द्यावा. एवढ्या वेळात व्होल्ट ९.६ च्या खाली गेले नाहीत तर बॅटरी सेल्फ फिरवण्याजोगी आहे.

चार्जिंग

ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या साधारण ७५ ते १०० अँपिअर-तासांच्या असतात. बॅटरीच्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त करंट देऊ नये. ८८ ची बॅटरी असेल तर ८ अँपिअर पुरे. निम्मी उतरलेली असेल तर ४४ अँपिअर-तास परत द्यायचे, वाया जाणारे धरून ५० च्या वर. म्हणजे सहा-सात तास, आणि शेवटचा भाग हळू भरतो म्हणून आठ-दहा तास. गिऱ्हाईक दारात उभे राहून दोन तासांत द्या म्हणते. ८ अँपिअरने दोन तासांत फक्त १६ अँपिअर-तास जातात. करंट वाढवून घाई केली तर प्लेटा तापतात आणि त्यांचे औषध गळून तळाशी बसते. द्रावण ५० अंशांपर्यंत तापले तर चार्जिंग थांबवावे. अडलेल्या गिऱ्हाइकाला त्या दिवसापुरती दुसरी बॅटरी वापरायला द्यावी. यात दुकानाचेही नाव राहते.

चार्जिंग केव्हा पुरे? सगळे सेल सारखे उकळत आहेत आणि तासातासाने घेतलेल्या तीन मोजण्यांत व्होल्ट व घनता वाढत नाही, तेव्हा. एका ओळीत अनेक बॅटऱ्या जोडल्या असतील तर करंट सर्वांत लहान बॅटरीच्या हिशेबाने ठेवावा. सीलबंद बॅटरीला हायड्रोमीटर लागत नाही. तिला उकळू देऊ नये, कंपनीने सांगितलेल्या व्होल्टवर चार्जर थांबला पाहिजे. तिच्यावरचा रंगीत डोळा एकाच सेलची खबर देतो, बाकी पाचांची नाही.

चार्जिंगच्या वेळी निघणारा वायू स्फोटक असतो. खोली हवेशीर असावी, जवळ बिडी-सिगारेट व वेल्डिंग नको. क्लिप काढण्याआधी चार्जर बंद करावा, कारण ठिणगी तिथेच पडते. डोळ्यांवर चष्मा हवाच. ॲसिड पातळ करताना पाण्यात ॲसिड ओतावे, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही. डोळ्यात उडालेच तर किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरकडे जावे.

आजारी बॅटरीला उठवणे

जिच्या प्लेटांवर सल्फेट कडक झाले आहे अशी बॅटरी चार्जरला लावताच व्होल्ट एकदम वर चढतात आणि करंट घेत नाही. तिला तीन-चार अँपिअरच्या संथ करंटवर दोन ते तीन दिवस ठेवावे. सल्फेट सुटू लागले की व्होल्ट आधी खाली येतात, मग सावकाश चढतात आणि घनताही वाढू लागते. ही चांगली खूण. दुसऱ्या दिवशीही घनता जागची हलली नाही तर वीज जाळण्यात अर्थ नाही.

जुने कारागीर आतले द्रावण काढून डिस्टिल वॉटर भरतात, संथ चार्ज करतात आणि शेवटी योग्य घनतेचे ॲसिड घालतात. पातळ द्रावणात सल्फेट लवकर सुटते हे खरे. पण बॅटरी उलटी करताना तळाचा गाळ प्लेटांमध्ये अडकून सेल शॉर्ट होऊ शकतो. हा शेवटचा उपाय समजावा. तुरटी, एप्सम सॉल्ट आणि बाटलीतल्या 'जादूच्या' औषधांवर आमचा भरवसा नाही. द्रावण तपकिरी, चिखलासारखे निघाले तर प्लेटांचे औषध गळाले आहे. ते कोणत्याही उपायाने परत चिकटत नाही.

उठलेली बॅटरी किती उठली हे मोजण्याची स्वस्त पद्धत आहे. हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब सुमारे साडेचार अँपिअर घेतो. ८८ ची बॅटरी पूर्ण चार्ज करून त्यावर हा बल्ब लावावा आणि व्होल्ट १०.५ वर येईपर्यंतचे तास मोजावेत. नवी बॅटरी वीस तासांच्या आसपास टिकेल. बारा तास टिकली तर साठ टक्के ताकद उरली. निम्म्याच्या खाली असेल तर ती घरच्या दिव्याला चालेल, ट्रॅक्टरला नाही. मोजणी झाली की ताबडतोब पुन्हा चार्ज करावी.

इथे एका वाईट चालीबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. काही ठिकाणी बसलेल्या बॅटरीत वरून ॲसिड टाकतात. हायड्रोमीटरचा आकडा फुगतो, गिऱ्हाईक खूश होऊन जाते आणि थोड्याच दिवसांत भर रानात ट्रॅक्टर बंद पडतो. जादा ॲसिडने प्लेटा खाल्ल्या जातात ते वेगळेच. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा शोधणारे आणि ओले धान्य वर का ठेवले नाहीस असे विक्रेत्याला विचारणारे प्रेषित मुहम्मद (स.) आपल्याला ठाऊक आहेत. बॅटरीच्या पेटीत तर आतले काहीच दिसत नाही. म्हणून सहा सेलांचे आकडे, तारीख आणि बल्बचे तास कागदावर लिहून गिऱ्हाइकाच्या हातात द्यावेत. उठवलेली बॅटरी विकायची असेल तर ती उठवलेली आहे हे सांगूनच विकावी. आणि चार्जिंगची मजुरी बॅटरी उठो वा न उठो घेतली जाईल, हे आधीच ठरवावे. मेहनतीचा मोबदला मागण्यात काही गैर नाही.

बॅटरी परत बसवताना ट्रॅक्टरही पाहावा. इंजिन मध्यम वेगावर असताना टर्मिनलवर १३.८ ते १४.५ व्होल्ट आले पाहिजेत. कमी आले तर पट्टा सैल आहे किंवा अल्टरनेटर दुबळा आहे, आणि नवी बॅटरीही तिथे उपाशी मरेल. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड सोड्याच्या पाण्याने धुवावी, घट्ट आवळून वरून व्हॅसलीन लावावे. काढताना अर्थिंगची तार आधी काढावी, लावताना ती शेवटी. बॅटरीची पकड सैल ठेवू नये, ढेकळांतल्या हादऱ्याने प्लेटा झडतात. हंगाम संपल्यावर शेतकऱ्याला सांगावे की अर्थिंगची तार काढून ठेवा आणि महिन्याला एकदा बॅटरी चार्ज करून घ्या.

मेलेल्या बॅटरीचे शिसे घरामागे वितळवून विकण्याची चाल अजून पुरती गेलेली नाही. शिशाचा धूर आणि धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. ती कपड्यांवरूनही घरात येते. दुकानातले कपडे दुकानातच बदलावेत, जेवणापूर्वी हात-तोंड साबणाने धुवावे. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्यांचे शिसे काढण्याचे काम नोंदणीकृत कारखान्यांचे आहे. तेव्हा बॅटऱ्या न फोडता, ॲसिड गटारात न ओतता, उभ्या ठेवून साठवाव्यात आणि कंपनीच्या विक्रेत्यामार्फत किंवा नोंदणीकृत खरेदीदाराला वजनाची पावती घेऊन द्याव्यात.