चाळून आलेली धूळ

२३ जानेवारी २०२२, रविवार. मुंबईवर दिवसभर पांढरट पडदा होता. उभ्या गाड्यांवर पिठासारखी भुकटी बसली होती. वस्तीत सगळे म्हणाले, धुकं आहे. ते धुकं नव्हतं. पाकिस्तानच्या बाजूला उठलेलं धुळीचं वादळ अरबी समुद्र ओलांडून गुजरात आणि मुंबईवर आलं होतं.

राजस्थान, दिल्लीकडे अशी वादळं पावसाळ्याआधी, एप्रिल ते जूनमध्ये येतात. त्यांना तिकडे आंधी म्हणतात. आपल्याकडे ती क्वचित पोचतात, पण जे पोचतं ते नीट समजून घ्या. आपण सुपात धान्य पाखडतो तसा वारा धूळ पाखडतो. जाड वाळू जवळच पडते, बारीक कण शेकडो किलोमीटर जातात. म्हणजे दुरून आलेली धूळ चाळून आलेली असते. जाड कण नाकात, घशात अडकतात. अडीच मायक्रॉनहून बारीक कण मात्र थेट फुप्फुसात खोल उतरतात. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा.

अशा वेळी दमेकरी, हृदयरोगी, लहान मुलं, गरोदर बाया आणि पूर्वी टीबी झालेले यांना जास्त त्रास होतो. “खिडक्या लावून घरात बसा” हा सल्ला फ्लॅटवाल्यांसाठी ठीक आहे. आपल्या पत्र्याच्या फटींत ओली फडकी कोंबा. कोरडा झाडू नको, ओल्या फडक्याने पुसा. चूल घरात पेटवू नका. वंदनेला त्या दिवशी अगरबत्ती नको, फुलं पुरेत.

रस्ता झाडणाऱ्या आपल्या भावाबहिणींना मात्र सुट्टी नसते. रुमाल किंवा पदर बारीक धूळ अडवत नाही. नाकाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो. तो मुकादमाकडे मागा, एकटीने नाही, सगळ्यांनी मिळून. झाडण्याआधी पाणी मारायलाही सांगा.

दम्याचा पंप डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्याच. “पंपाची सवय लागते” हे ऐकून ऐकून माझे कान किटले. सवय लागत नाही. पंप अर्धवट सोडला की दमा उसळतो. एक वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बाळाच्या बरगड्या श्वासासोबत आत ओढल्या जात असतील, तर वाफ-काढा करत बसू नका, १०८ला फोन करा.

आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला तर धुळीवर ढकलू नका. सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्या, तिथे पैसे पडत नाहीत.