आशीर्वचनाचा कर्ता कोण? तंजावरच्या काही लोकार्पणांच्या निमित्ताने

तंजावरहून उत्तरेस तिरुवैयारुकडे निघाले म्हणजे वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी अशा पाच नद्या ओलांडाव्या लागतात. गावाच्या नावात याच पाच नद्या आहेत. येथील कावेरीतीरावर भोसले राजांच्या काळच्या वास्तू आहेत. नदीवरचा घाट असो की वाटसरूंसाठी बांधलेले छत्र असो, धर्मशास्त्राच्या दृष्टीने ते पूर्तकर्म. महामहोपाध्याय काणे यांनी आपल्या ग्रंथात विवेचिलेल्या उत्सर्गविधीचे मर्म असे की, यजमान उदक सोडतो आणि त्या क्षणापासून जलाशयावर त्याचा एकट्याचा हक्क उरत नाही; तो सर्व भूतांचा होतो. 'पाणी सोडणे' हा आपला वाक्प्रचार दानविधीतील याच उदकाचा वारस होय. तेव्हा लोकार्पणाचा मुख्य शब्द या परंपरेत त्यागाचा आहे. आशीर्वाद त्याच्या मागून येतो.

हे सांगण्याचे कारण असे. एखाद्या सार्वजनिक रुग्णालयाच्या वा ग्रंथालयाच्या उद्घाटनास ख्रिस्ती धर्मगुरूस आशीर्वचनासाठी पाचारण केले जाते, तेव्हा त्याने काय म्हणावे, हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नाही. चर्चची वास्तू अभिषिक्त होते, म्हणजे लौकिक वापरातून कायमची बाजूला काढली जाते. सार्वजनिक वास्तूचे तसे करता येत नाही. ती तर लौकिक वापरासाठीच उभी असते. तेथे आशीर्वाद द्यावयाचा तो दगडविटांना नव्हे, तर त्या दारातून आत येणाऱ्यांना. आणि त्यांतील बहुतेक ख्रिस्ती नसतात. अशा वेळी आशीर्वचनाचे व्याकरण निर्णायक ठरते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

आपल्याकडे वडीलधारी माणसे 'औक्षवंत हो' म्हणतात. येथे क्रियापद द्वितीय पुरुषी आहे, समोरच्या माणसाला उद्देशून आहे, आणि देवाचे नावही नाही. वय, नाते किंवा तप यांच्या बळावर बोलणाऱ्याचा शब्दच फळतो, अशी त्यामागची श्रद्धा. 'कल्याण होवो', 'यश लाभो' ही तृतीय पुरुषी रूपे त्याहून सैल आहेत. देणारा कोण हे ती सांगत नाहीत, म्हणून सभेतील कोणीही ती मनातल्या मनात उच्चारू शकतो. (तमिळमधील 'वाऴ्क' हे वियंगोळ रूपही असेच सर्वांना मोकळे आहे.) ज्ञानदेवांच्या पसायदानातही विश्वात्मक देव तृतीय पुरुषातच राहतो. ख्रिस्ती प्रार्थना मात्र पुष्कळदा देवालाच 'तू' म्हणते, आणि ज्याचे हित मागावयाचे तो माणूस तृतीय पुरुषात जातो. मग शेवटच्या 'आमेन'ला सभेचे दोन भाग पडतात: म्हणणारे आणि ऐकणारे.

तंजावरला याचे एक उत्तम उदाहरण आहे. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर 1826 च्या मार्चमध्ये तेथे आले. ईस्टरच्या दिवशी त्यांनी उपासनेचे अंतिम आशीर्वचन तमिळमध्ये उच्चारले. पुढे ते सरफोजी महाराजांना भेटले आणि महाराजांसाठी एक प्रार्थना रचून ती तमिळमध्ये आणवून प्रांतातील चर्चमध्ये म्हणण्याची व्यवस्था केली. 3 एप्रिलला त्रिचनापल्लीस त्यांचा अकस्मात अंत झाला. ही प्रार्थना देवाला उद्देशून आहे. राजाने चर्चवर केलेली कृपा देवाने स्मरावी, त्याला आरोग्य व दीर्घायुष्य द्यावे, पुत्रपौत्रांना मान व शांती लाभावी, आणि सर्वांत वर, जगाला देता न येणारी शांती, म्हणजे देवाच्या सत्याचे ज्ञान, मिळावे, असा तिचा आशय. अखेरचे मागणे बारकाईने पाहण्याजोगे आहे. मिशनऱ्याच्या कानाला त्यात धर्मांतराची आशा ऐकू येईल. मराठीत 'सत्याचे ज्ञान' म्हणताच वेदान्त्याला त्यात काहीच परके वाटणार नाही. हेबर यांनी हे जाणूनबुजून केले काय, याची चर्चा मला फारशी फलदायी वाटत नाही. पण प्रार्थना चर्चसाठी नेमली गेली, राजाच्या दरबारासाठी नव्हे, हे औचित्य नजरेआड करता येत नाही. जेथे 'आमेन' म्हणणारे होते तेथेच ती म्हटली जावयाची होती.

दरबाराच्या बाजूचा शब्द याहून जुना आहे. ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ (1726–1798) यांच्याकडे तुळजाजी महाराजांनी आपल्या दत्तक पुत्राचे हित सोपविले होते. 1798 च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारले तेव्हा वीस वर्षांचे सरफोजी शवपेटी बंद होण्यापूर्वी आले, रडले, पार्थिवावर भरजरी वस्त्र घातले आणि कबरीपर्यंत गेले. त्याच वर्षी ते गादीवर बसले. त्या कबरीसाठी त्यांनी इंग्रजीत काही पद्यओळी रचल्या. भारतीयाने लिहिलेल्या इंग्रजी पद्याचा तो फार आरंभीचा नमुना आहे. काव्य म्हणून त्या साध्याच आहेत. परंतु त्यांचे व्याकरण विलक्षण आहे. 'तू' हा येथे देव नाही, मृत गुरू आहे. 'आशीर्वाद' या अर्थाचा शब्द येतो तो क्रियापद म्हणून नव्हे, तर राजे, प्रजा आणि स्वतः कवी यांना लाभलेला हा माणूसच आशीर्वाद, अशा नामाच्या रूपात. आणि अखेरचे मागणे प्रथम पुरुषी: मी तुझ्या योग्यतेचा व्हावे. मागणारा एक हिंदू राजा, स्थळ ख्रिस्ती चर्च; तरी कोणत्याही पंथाचा माणूस ती ओळ आपली म्हणून वाचू शकतो.

श्वार्ट्झ यांच्या छत्राखाली वाढलेले दुसरे कवी वेदनायक शास्त्री (1774–1864). त्यांची तमिळ 'बेथलेहेम कुरवंजी' आणि सरफोजींच्या नावावरची मराठी 'देवेंद्र कुरवंजी' शेजारी ठेवून वाचाव्यात. दोन्हींचा साचा एकच: डोंगरातली कुरत्ती येते, आपल्या प्रदेशाचे वर्णन करते, भविष्य सांगते. एकाने तो साचा ख्रिस्तकथेला वाहिला, दुसऱ्याने जगाच्या भूगोलाला. स्वतंत्र लेखाचाच हा विषय; येथे एवढेच नोंदवायचे की, एका गुरूच्या छायेत वाढलेल्या दोघांनी एकच देशी वाङ्मयप्रकार इतका निराळा वापरला आणि दोघेही एकाच नगरात नांदले.

सरफोजींच्या स्वतःच्या वास्तूंकडे वळले म्हणजे हा फरक आणखी दिसतो. 1801 साली त्यांनी ब्रिटिश रेसिडेंटला छत्रांविषयी पत्र लिहिले. ब्राह्मणापासून परयापर्यंत सर्व वाटसरूंना तेथे अन्न मिळते, हे त्या पत्रातील मुख्य सांगणे. छत्रांच्या रक्षणासाठी त्यांनी पुढे केलेला आधार हाच. 1807 साली कण्णंदंगुडी येथे गरीब ख्रिस्ती मुलांच्या पोषण-शिक्षणाची सोय त्यांनी केली. पट्टुक्कोट्टैजवळच्या समुद्रकाठी 1814–15 मध्ये उभारलेल्या मनोऱ्यावर मात्र मराठी, तमिळ, तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी अशा पाच भाषांत लेख आहे. त्याच्या इंग्रजी पाठात ब्रिटिश विजयाचे आणि बोनापार्टच्या पाडावाचे स्मरण आहे, राजाच्या मैत्रीचा उल्लेख आहे. देव कोणत्याच पुरुषात नाही, आणि तेथे येणाऱ्या कोणासाठी काही मागितलेलेही नाही.