हजेरीपटावरून गुणवत्तेची पारख

कोणत्याही योजनेतील दोष अखेरच्या तपासणीत कळतो. परंतु तेव्हा सुधारणेची वेळ टळलेली असते. १९२४ साली अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी मालातील दोष काम चालू असतानाच आलेखावरून ओळखण्याची रीत दाखविली. शाळेतही ती उपयोगी आहे.

प्रत्येक गैरहजेरीपुढे कारण नोंदवावे : आजार, कापूसवेचणी, धाकट्या भावंडांची राखण, ऊसतोड. महिनाअखेरीस कारणवार बेरीज करून सर्वांत मोठ्या कारणावर प्रथम उपाय योजावा. पुढील महिन्यात पुन्हा मोजून परिणाम पाहावा.

अंबड-घनसावंगीकडील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. गतवर्षीच्या नोंदी पाहून त्यापूर्वीच मूल हंगामी वसतिगृहात वा आजीआजोबांपाशी राहील अशी व्यवस्था करावी. तरच त्याचे वर्ष वाचेल.