शेरूला जर्मनीला न्यायचे आहे

प्रश्न : चाकणच्या वाहन कंपनीत काम करणाऱ्या माझ्या मुलीची तीन वर्षांसाठी जर्मनीत बदली झाली आहे. ती आणि जावई नोव्हेंबरच्या मध्यात निघतील. आमचा सहा वर्षांचा देशी कुत्रा शेरू त्यांना सोबत न्यायचा आहे. रेबीजची लस दरवर्षी दिलेली आहे. इथल्या डॉक्टरांनी दिलेला तब्येतीचा दाखला चालेल का? वेळ पुरला नाही तर मुलीने पुढे जावे आणि जानेवारीत शेरूला मी विमानाने पाठवावे, असा विचार आहे.
— एक वाचक, राजगुरुनगर

उत्तर : तो दाखला लागेलच, पण तेवढ्यावर भागणार नाही. जर्मनीत चालतो तो युरोपीय संघाने ठरवलेल्या नमुन्यातला दाखला, आणि त्यावर सही लागते ती सरकारी पशुवैद्याची. आपल्या भागासाठी हे काम केंद्र सरकारच्या मुंबईतील पशु क्वारंटाइन कार्यालयाकडे आहे. दाखला दिल्यापासून १० दिवसांच्या आत शेरू युरोपात पोहोचला पाहिजे, म्हणजे हे काम अगदी शेवटचे. अडचण त्याच्या आधीच्या कामांत आहे.

सगळ्यात आधी १५ अंकी मायक्रोचिप. पत्रात तिचा उल्लेख नाही, म्हणून ती बसवलेली नाही असे धरून लिहितो. चिपच्या आधी टोचलेली रेबीजची लस युरोपीय नियमांत धरत नाहीत. इतक्या वर्षांच्या लसी असूनही चिप बसवून पुन्हा लस द्यावी लागेल. त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना घ्यायचा आणि तो युरोपीय आयोगाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच तपासायचा. रेबीजविरोधी प्रतिपिंडे प्रति मिलिलिटर ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त हवीत. नमुना घेतल्यापासून तीन महिने पूर्ण झाल्याशिवाय प्रवेश नाही. हे महिने अहवालाच्या तारखेपासून मोजायचे नाहीत, रक्त काढल्याच्या दिवसापासून मोजायचे. लस लागू पडली की नाही ते तपासणीत कळते. आधीच संसर्ग झालेला असेल तर तो या तीन महिन्यांत उघड व्हावा, म्हणून ही वाट पाहायची. रेबीजबाबत युरोपने सवलत दिलेल्या देशांच्या यादीत भारत नाही, त्यामुळे यातून सुटका नाही.

आता तारखा मांडा. १० ऑगस्टला चिप आणि लस झाली, तर रक्त ९ सप्टेंबरला आणि प्रवास ९ डिसेंबरनंतर. नोव्हेंबर गेलाच.

तुमचा दुसरा बेत मला जास्त काळजीत टाकतो. घरचा प्राणी म्हणून सोप्या नियमांनी न्यायचे, तर मालकाचा आणि कुत्र्याचा प्रवास एकमेकांपासून ५ दिवसांच्या आत व्हावा लागतो. मुलगी नोव्हेंबरमध्ये गेली आणि शेरू जानेवारीत निघाला, तर ती व्यापारी वाहतूक धरतात आणि तिचे नियम पुष्कळ कडक आहेत. कागद अपुरे निघाले तर तिथले अधिकारी कुत्र्याला परत पाठवू शकतात, क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात आणि अगदी शेवटचा उपाय म्हणून जिवानिशी मारण्याचीही तरतूद आहे. मुक्या जिवाला या धोक्यात घालू नका.

माझा सल्ला असा : मुलीने ठरल्याप्रमाणे जावे. जावयांनी डिसेंबरच्या उत्तरार्धात शेरूला घेऊन निघावे, आणि चिपच्या नोंदीपासून लसीच्या पुस्तकापर्यंत मालक म्हणून त्यांचेच नाव पहिल्यापासून लावावे. तिकीट काढण्याआधी विमान कंपनी कुत्रा कसा नेते ते विचारा, कारण पिंजऱ्याचे माप तीच ठरवते. उतरल्यावर शेरूची माहिती जर्मन कस्टम्सला स्वतःहून द्यायची. काही लढाऊ जातींना जर्मनीत आणायलाच बंदी आहे. देशी कुत्र्याला ती लागू नाही. तिथे गेल्यावर मात्र गावच्या पालिकेत कुत्र्याची नोंद करून कर भरावा लागेल.

रेबीजच्या पुढच्या लसी मुदत संपण्याआधीच द्या. एका दिवसाचाही खंड पडला नाही, तर ही रक्ततपासणी कायम ग्राह्य राहते. तीन वर्षांनी परतताना भारतात आणण्यासाठी याच क्वारंटाइन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र आधी घ्यावे लागेल. सध्या या आठवड्यात चिप बसवून घ्या, आणि लस टोचण्याआधी डॉक्टरांना यंत्रावर चिपचा क्रमांक वाचून तो पुस्तकात लिहायला सांगा.