आज्जीची पहिली गोळी
उतारवयातला मधुमेह आणि औषधाची सुरुवात : एक अभ्यास



मंडळाच्या बैठकीत ठरलं होतं, की प्रत्येकाने आपल्या अभ्यासातला एखादा विषय सोप्या मराठीत मांडायचा. मी विज्ञान शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय शोधायला मला लांब जावं लागलं नाही. तो आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, चहाच्या डब्याच्या मागे लपवून ठेवलेला सापडला. एक गोळ्यांचं पाकीट होतं. दहापैकी फक्त तीन गोळ्या घेतलेल्या होत्या.

पाकीट आज्जीचं. वय ७४. आमचं घर खानापूर तालुक्यात आहे आणि मी रोज बसने बेळगावला येते. दिवाळीनंतर आज्जीच्या पायाची जखम महिनाभर भरेना, म्हणून रक्त तपासलं. उपाशीपोटी साखर १६८, जेवणानंतर दोन तासांनी २५४. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि घरात चर्चा सुरू झाली. "आता या वयात कशाला गोळी? एकदा लागली की सुटत नाही," असं आज्जी म्हणाली. बाबाही गप्प बसले. या एका वाक्याचं उत्तर शोधता शोधता हा लेख झाला.

१. आधी शब्द पाहू

मधुमेह हा शब्द जुना आहे. 'मधु' म्हणजे मध आणि 'मेह' म्हणजे लघवी. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत प्रमेहाचे २० प्रकार सांगितले आहेत, त्यांत मधुमेह येतो. लघवीला मुंग्या लागतात हे निरीक्षणही आपल्याकडे फार पूर्वीचं. पण घरात मधुमेह कुणी म्हणत नाही. घरात 'शुगर लागली' म्हणतात. नजर लागते, नाद लागतो, तशी शुगर लागते आणि मग गोळीही 'लागते'. व्यसनाला आणि औषधाला आपण एकच क्रियापद वापरतो. त्यामुळे गोळीची भीती निम्मी तरी या शब्दातूनच येते, असं मला वाटतं.

खरं म्हणजे या गोळ्यांची सवय लागत नाही. गोळी बंद केल्यावर साखर वाढते, कारण आजार तिथेच असतो. चष्मा काढल्यावर अक्षर पुसट दिसतं म्हणून कुणी चष्म्याला व्यसन म्हणत नाही, तसंच हे आहे.

२. उतारवयात साखर का वाढते आणि का कळत नाही

आपल्या पोटातल्या स्वादुपिंडातून इन्शुलिन पाझरतं. ते रक्तातली साखर पेशींच्या आत पोचवतं. वय वाढतं तसं इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींची ताकद कमी होते. साखर वापरणारे स्नायू झिजतात, चालणं कमी होतं, पोटाभोवती चरबी साठते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाला एवढं पुरतं.

निदानाचे आकडे वयाप्रमाणे बदलत नाहीत. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ग्लुकोज पाजल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी 'एचबीए१सी' तपासणी ६.५ टक्के किंवा जास्त. ठळक लक्षणं नसतील तर एकाच आकड्यावर शिक्का मारत नाहीत, तपासणी पुन्हा करतात. आज्जीची एचबीए१सी ८.२ निघाली. ही तपासणी लाल पेशींना चिकटलेली साखर मोजते. एक लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून त्यात गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सापडतो. मात्र रक्त कमी असेल, म्हणजे पंडुरोग असेल, तर हा हिशेब चुकू शकतो. म्हातारपणी तो बऱ्याचदा असतो, हे लक्षात ठेवायला हवं.

म्हाताऱ्या माणसांत लक्षणंही फसवी असतात. तहान मुळातच कमी लागते. रात्री लघवीला उठणं, थकवा, जखम उशिरा भरणं, हे सगळं आपण 'वय झालं' या एका खात्यावर टाकतो. आम्हीही तेच केलं होतं.

३. गोळी केव्हा आणि किती साखरेसाठी

पथ्य आणि चालणं हा पाया आहेच. पण उतारवयात पथ्य अति झालं तर तेही घातक ठरतं. घाबरून आज्जीने अर्ध्या भाकरीवर जेवण आणलं, दूध सोडलं, डाळही कमी केली. वजन उतरलं आणि बाबांना वाटलं, बरं झालं. डॉक्टर मात्र रागावले. या वयात चरबीबरोबर स्नायूही जातात, पाय लटपटतात, माणूस पडतो. भाकरीचा तुकडा कमी करा, पण डाळ, उसळ, दही, अंडं कमी करू नका, असं त्यांनी सांगितलं.

साखर किती खाली आणायची, याचं उत्तर सगळ्यांना सारखं नाही. अभ्यास करताना मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हेच. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या आणि १९९८ साली निष्कर्ष जाहीर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं, की साखर आटोक्यात ठेवली तर डोळे, मूत्रपिंड, नसा यांचं नुकसान कमी होतं. पण त्यात भरती झालेले रुग्ण २५ ते ६५ वयाचे होते. आज्जीच्या वयाचं कुणी त्यात नव्हतं. पुढे अमेरिकेत दहा हजारांहून जास्त रुग्णांवर 'अकॉर्ड' नावाचा अभ्यास झाला. त्यात एका गटाची एचबीए१सी ६ च्या खाली आणण्याचा आटापिटा केला गेला. त्या गटात मृत्यू जास्त दिसले, म्हणून २००८ साली तो भाग मुदतीआधीच थांबवला. म्हणजे जास्त साखर वाईट हे खरं, पण ती जबरदस्तीने खाली ओढणंही धोक्याचं.

म्हणून आता डॉक्टर माणूस बघून आकडा ठरवतात. ज्येष्ठ पण ठणठणीत, स्वतःचं सगळं करणारा असेल तर एचबीए१सी साधारण ७ ते ७.५ च्या खाली. अनेक आजार असतील, विसरभोळेपणा सुरू झाला असेल तर ८ च्या खाली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत आकड्यामागे न धावता साखर फार उतरू नये आणि फार चढून त्रास होऊ नये, एवढंच पाहतात.

४. गोळ्यांची ओळख

मेटफॉर्मिन. बहुधा हीच पहिली गोळी असते. तिचं मूळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या रानझुडपात आहे. हे रसायन १९२२ साली तयार झालं होतं, पण मधुमेहावर माणसांना देऊन त्याचा अनुभव पॅरिसचे डॉक्टर जाँ स्टर्न यांनी १९५७ साली प्रसिद्ध केला. यकृत रक्तात जी साखर सोडतं, तिला ही गोळी आवर घालते. एकटी घेतली तर साखर सहसा धोक्याइतकी उतरत नाही, हा तिचा मोठा गुण. सुरुवातीला मळमळ, जुलाब होतात. म्हणून कमी मात्रेने, बहुधा ५०० मिलिग्रॅमपासून, जेवणाबरोबर सुरू करून हळूहळू वाढवतात. सुरू करण्याआधी मूत्रपिंडाची तपासणी हवी. नुसतं क्रिएटिनिन बघून चालत नाही, कारण स्नायू कमी असलेल्या म्हाताऱ्या माणसांत ते खोटा दिलासा देतं. त्यावरून काढलेला 'ईजीएफआर' बघतात. तो ३० च्या खाली असेल तर ही गोळी देत नाहीत. वर्षानुवर्षं घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, शाकाहारी घरांत तर विशेष लक्ष ठेवावं लागतं. पायाला मुंग्या आल्या की आपण साखरेला दोष देतो, पण कधीकधी कारण बी-१२ असतं.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांचा गट. या गोळ्या स्वादुपिंडाला ढोसून इन्शुलिन सोडायला लावतात. १९४२ साली फ्रान्समध्ये टायफॉइडच्या रुग्णांना एक सल्फा औषध देताना त्यांची साखर उतरलेली दिसली, त्यातून हा गट पुढे आला. गोळ्या स्वस्त आहेत आणि कामही चोख करतात. पण तुम्ही जेवलात की नाही हे त्या विचारत नाहीत. जेवण चुकलं तरी साखर उतरवतातच. याच गटातली ग्लिबेनक्लामाइड तर शरीरात फार वेळ काम करत राहते, म्हणून ज्येष्ठांना ती टाळावी असा सल्ला आहे.

इतर. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन या गोळ्यांनी साखर एकदम उतरण्याचा धोका कमी असतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदय आणि मूत्रपिंड अशक्त असलेल्यांना त्यांचा फायदा होतो, पण अंगातलं पाणी कमी होणं आणि लघवीच्या जागी बुरशीचा संसर्ग यांकडे लक्ष ठेवावं लागतं. शेवटी इन्शुलिन. 'इन्शुलिन म्हणजे शेवट' हा गैरसमज आहे. साखर फारच चढलेली असेल तर काही वेळा सुरुवातच इन्शुलिनने करतात आणि नंतर गोळीवर आणतात.

५. आमच्या घरात काय झालं

आता त्या लपवलेल्या पाकिटाकडे येते. आज्जीने मेटफॉर्मिन तीन दिवस घेतली, तीही सकाळी रिकाम्या पोटी. जुलाब झाले. तिने कुणाला सांगितलं नाही. शेजारच्या काकूंना म्हणाली, "माझ्या गोळीनं पोट बिघडतंय की." काकू मायाळू. त्यांनी स्वतःची गोळी दिली. "ही घे आक्का, मला दोन वर्षं झाली, काही होत नाही." ती ग्लिमेपिराइड होती.

पुढच्या आठवड्यात एकादशी आली. आज्जीने सकाळी गोळी घेतली आणि वर नुसता चहा, तोही बिनसाखरेचा. दुपारी मी घरी आले तर ती पायरीवर बसलेली, अंग घामाने ओलंचिंब. मला तिने माझ्या आत्याच्या नावाने हाक मारली. आत्या जाऊन नऊ वर्षं झाली. मला वाटलं, अर्धांगाचा झटका आला. काकू धावत आल्या, त्यांच्या यंत्रावर साखर बघितली तर ४८.

आज्जी शुद्धीत होती, गिळू शकत होती. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी ७६ झाली. ती मला ओळखून म्हणाली, "रडतीस कशाला?" आम्हाला वाटलं, संपलं. पण डॉक्टरांनी फोनवरच बजावलं, "लगेच खायला द्या आणि घेऊन या. या गोळीचा परिणाम पुन्हा येतो." रात्रभर दवाखान्यात ठेवलं आणि पहाटे साखर खरंच पुन्हा खाली आली. घरी असतो तर सगळे झोपेत असतो.

काकूंना फार वाईट वाटलं. त्यांना दोष देऊन काय उपयोग? चूक आमची होती. गोळी घरात आली, तिची माहिती आली नाही.

६. साखर उतरली तर

७० च्या खाली गेली की धोका सुरू. घाम, थरथर, धडधड, भूक ही नेहमीची लक्षणं. म्हाताऱ्यांत मात्र गोंधळलेलं बोलणं, चिडचिड, तोल जाणं एवढंच दिसू शकतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे धडधड दबून जाते. माणूस शुद्धीत असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन छोटे चमचे, पाण्यातून द्यावी. १५ मिनिटांनी पुन्हा बघावं, ७० च्या खालीच असेल तर परत द्यावी, सावरल्यावर जेवण द्यावं. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा.

७. मराठीतली चिठ्ठी

परत आल्यावर मी पाकिटावरचा मजकूर बघितला. सगळा इंग्रजीत. दवाखान्यातल्या सूचना कन्नडमध्ये. डॉक्टर आज्जीशी मराठीतच बोलले होते, पण बोललेलं घरी येईपर्यंत विरून गेलं. आज्जीला वाचता येतं, रोज पोथी वाचते, पण फक्त मराठी. या तिन्ही भाषा आपल्या भागाच्या आहेत, कुणाशी भांडण नाही. तरी गोळी ज्या माणसाच्या पोटात जाते, त्याच्या भाषेत तिची माहिती नको का?

मी वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि डॉक्टरांकडून तपासून घेतलं :

गोळीचं नाव आणि ती कशासाठी. रात्री जेवल्यावर एक. गिळायची, कुटायची नाही (ही हळूहळू विरघळणारी आहे). विसरली तर दुसऱ्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. उलट्या-जुलाब झाले, जेवण जात नसेल तर डॉक्टरांना विचारायचं. उपवासाच्या आधी विचारायचं. दुसऱ्याची गोळी घ्यायची नाही, आपली द्यायची नाही. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवायचं नाही.

ते पान फळीवर चिकटवलंय. मेटफॉर्मिन पुन्हा सुरू झाली, या वेळी हळूहळू सुटणारी, कमी मात्रेने. पोट बिघडलं नाही. तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.३ आली. जखम भरली. काकूंनीही तसंच पान मागून नेलं. एकादशीला आज्जी आता दूध, दही, शेंगदाणे, फळ थोडंथोडं खाते. विठोबा रागावत नाही, असं तीच सांगते.

८. वाचकांसाठी अभ्यास

१. तुमच्या घरातल्या ज्येष्ठांच्या गोळ्या त्यांच्यासमोर बसून मोजा. कुठली गोळी कशासाठी, हे त्यांना विचारा. उत्तर येत नसेल तर ते तुम्ही शोधा.
२. 'शुगर लागली', 'गोळी सुरू झाली', 'गोळीवर आहे' या शब्दप्रयोगांत काय फरक वाटतो? तुमच्या बोलीत काय म्हणतात?
३. एका गोळीची चिठ्ठी मराठीत लिहा. पाच ओळी, मोठं अक्षर, अवघड शब्द नको. डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला दाखवून मगच भिंतीवर लावा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं मंडळाकडे जरूर पाठवा. कथा-कवितांइतकंच तेही आपल्या भाषेतलं लेखन आहे. आज्जी तर म्हणते, तू लिहिलेल्यातलं मला कळलेलं हे पहिलंच.