जोतं रस्त्याखाली गेलं तेव्हा

वाईच्या आमच्या वाड्याची रस्त्याकडची भिंत मी नऊ वर्षांपूर्वी सिमेंटनं गिलावून घेतली. खालच्या हातभर भागात ओल दिसायची, जुन्या चुन्याचे पोपडे सुटायचे. कंत्राटदार म्हणाला, "वॉटरप्रूफ प्लास्टर करू, पुन्हा बघायला नको." गौरी-गणपतीच्या आत काम उरकायचं म्हणून मी हो म्हटलं. दोन वर्षं भिंत कोरडी, गुळगुळीत राहिली. तिसऱ्या पावसाळ्यात ओल आतल्या बाजूनं देवघराच्या कोनाड्यापर्यंत चढली. चौथ्या वर्षी एका दुपारी बाहेरचा गिलावा अडीच हात रुंद सुटून पडला. त्याच्या पाठीला विटांच्या तोंडाचे पापुद्रे चिकटून आले होते. मागं भिंतीत पुरलेला सागवानी खांब उघडा पडला. त्याच्या बुंध्यात मी वाड्याची किल्ली खुपसली, तर ती मुठीपर्यंत आत गेली. वरच्या माडीची तुळई त्याच खांबावर होती.

त्या रात्री टेकू लावून आम्ही माणसं मागच्या सोप्यात झोपवली. इजा कुणाला झाली नाही, ते केवळ नशीब.

नंतर आलेल्या म्हाताऱ्या गवंड्यानं भिंतीला हातच लावला नाही. तो रस्त्यावर उभा राहिला आणि काकूला म्हणाला, "आक्का, पूर्वी रस्ता कुठवर होता?" काकू म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हा ओट्यावर बसलं की पाय लोंबकळायचे." आता तिथं बसलं तर गुडघे छातीला लागतात. दर डांबरीकरणाला थर चढत गेला आणि काळ्या दगडाचं जोतं जमिनीत गडप झालं. ज्या विटा पावसाच्या पाण्यापासून दोन हात वर ठेवल्या होत्या, त्यांच्याच मुळाशी गटाराचं पाणी साचू लागलं. दुखणं तिथं होतं आणि मी मात्र पोपड्यांवर औषध लावत बसलो होतो.

जुन्या विटा आणि चुना पाणी पितात, आणि वारा-ऊन मिळालं की परत सोडतात. चुन्याचा गिलावा मऊ असतो. झीज तो स्वतः सोसतो आणि वीट वाचवतो. सिमेंट कठीण आणि घट्ट असल्यामुळं पाण्याला बाहेरची वाट उरत नाही. ते आत वळतं, वर चढतं. पाण्यासोबत आलेले क्षार गिलाव्यामागं साचून फुलतात आणि विटेचं तोंड फोडतात. यालाच आपण लोणा लागणं म्हणतो. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ सालचं. शनिवारवाडा १७३२ मध्येच बांधून झाला होता. त्या काळच्या भिंती चुन्याच्या भरवशावर रचलेल्या आहेत, हे मी आधी ध्यानात घ्यायला हवं होतं.

म्हणून जुनी भिंत पाहायची तर भर पावसात पाहा, छत्री घेऊन बाहेर उभे राहा. पागोळ्या कुठं पडतात, पन्हळ कुठं फुटलीय, उडालेले थेंब भिंतीवर किती उंच लागतात, हे उन्हाळ्यात कळत नाही. मग रस्त्याची आणि अंगणाची उंची जोत्याशी ताडून बघा. सकाळचं तिरपं ऊन भिंतीच्या अंगावरून जाऊ लागलं की बाजूला उभं राहून नजर टाका. भिंतीला पोट आलं असेल तर सावली सांगते. खात्री ओळंब्यानं करा. बोटाच्या पेरानं गिलावा टकटक करून बघा, भद्द आवाज आला तर तो विटेपासून सुटलेला आहे. पिंपळाचं रोप दिसलं तर नुसतं उपटू नका, मूळ आत राहिलं की ते पुन्हा फुटतं. भेगेवर काचेची पातळ पट्टी चुन्यात बसवून तारीख लिहा. काच तडकली तर भिंत अजून हलतेय, आणि मग गवंड्याच्या आधी जुन्या बांधकामाचा जाणकार इंजिनिअर बोलवा. लाकडी खांब भिंतीत शिरतो तिथं जाड दाभण टोचून बघायला मात्र विसरू नका. मी हेच केलं नव्हतं.

दुरुस्तीत आधी भिंतीलगत चर खणून पाणी वळवलं. सिमेंट छिन्नीनं हलक्या हातानं काढलं, कारण जोर लावला की वीटही येते. भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी ठेवून वाळवली. शेजारी विचारायचे, "पैसे संपले का?" खांबाचा कुजलेला बुंधा कापून नवं सागवान जोडलं, विटांच्या दरजा चुन्यानं भरल्या, आणि चुना, वाळू नि सुरखीचा गिलावा ओल्या गोणपाटाखाली सावकाश मुरू दिला. हे काम पावसाळ्याच्या तोंडावर काढू नका.

आता दर भाद्रपदात मी देवघराच्या भिंतीवर ओलीची रेघ पेन्सिलनं आखतो आणि साल लिहितो. यंदाची रेघ गेल्या वर्षीच्या रेघेखाली चार बोटं आहे.