मेंदूचे शास्त्र आणि आपली दिव्यांग मुले

पक्षाघात, फिट, कंपवात हे मेंदूचे आणि मज्जातंतूंचे आजार. त्यांच्यावर संशोधन करणाऱ्यांमध्ये स्वतः अपंगत्व घेऊन जगणारी माणसे मात्र मोजकीच दिसतात. बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे, वाट मधेच तुटते म्हणून.

ती कुठे तुटते ते पाहू. अमेरिकेत पीएच.डी. झाली की लगेच प्राध्यापकी मिळत नाही. आधी काही वर्षे दुसऱ्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करावे लागते. याला पोस्टडॉक म्हणतात. सूक्ष्मदर्शकाचे टेबल उंच असते, व्हीलचेअरवरून हात पोचत नाही. बैठकीत सगळे भराभर बोलतात, कर्णबधिराला दुभाषा नसतो. आजारपणात सहा महिने गेले, तरी अर्जाची मुदत काही थांबत नाही.

यावर तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची, एनआयएचची, 'के ९९/आर ००' नावाची मदत आहे. पहिली दोन वर्षांपर्यंत मार्गदर्शकाच्या हाताखाली शिकायचे. प्राध्यापकाची जागा मिळाली की पुढे तीन वर्षांपर्यंत स्वतःच्या संशोधनाला पैसा मिळतो. नेहमीच्या नियमाने पोस्टडॉकच्या पहिल्या चार वर्षांतच अर्ज करावा लागतो. पण आजारपण, अपंगत्व, बाळंतपण अशा कारणांनी ती मुदत वाढवून मागता येते. २०१३ साली जाहीर झालेल्या 'ब्रेन' या मेंदू-संशोधन मोहिमेतही याच धर्तीची वेगळी मदत काढली गेली. विज्ञानात ज्यांची संख्या कमी, त्यांच्यासाठी ती होती आणि त्यांत दिव्यांग संशोधकांची गणना होती.

मला यात पैशापेक्षा मुदतवाढ मोठी वाटते. बाबासाहेबांचेच पाहा. १९१३ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली, कोलंबियात प्रा. सेलिग्मन यांच्यासारखे गुरू लाभले. पण १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी लंडनने दिली होती, म्हणूनच १९२० मध्ये ते पुन्हा तिथे जाऊ शकले.

आपल्या वस्तीत ही वाट पीएच.डी.पर्यंत पोचतच नाही. दहावीलाच कुणीतरी सांगते, "याला सायन्स झेपणार नाही." पालकही मान डोलावतात. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांसाठी सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. प्रवेशाच्या वयात पाच वर्षांची सूटही आहे. परीक्षेत लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान २० मिनिटे जादा देण्याचे केंद्र सरकारचे मार्गदर्शक नियम आहेत. यासाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड लागते. ते परीक्षेच्या तोंडावर नको, आठवी-नववीतच काढून ठेवा. शाळेकडे लेखनिक, जादा वेळ किंवा प्रयोगासाठी बुटके टेबल मागायचे असेल तर अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या.